सेम्बावांगचा कवड्या

मला साप पाळायचा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. ही गोष्ट आमच्या नातेवाइकांत फिरत फिरत इतकी वाढली की पुण्यातल्या एका लग्नात एका काकूंनी "नाग पाळणारी ती तूच का गं?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता त्या दोन पावलं मागे सरकल्या. नाग नव्हता तो. वीतभर लांबीचं, बुटाच्या लेसएवढं जाड पिल्लू होतं. मला खरं तर कुत्रा हवा होता. पण सिंगापुरात सेम्बावांगच्या ज्या फ्लॅटमध्ये आम्ही भाड्याने राहत होतो, त्याच्या मालकाने करारात कुत्रा-मांजर नाही असं लिहून घेतलेलं होतं. आणि लिहून घेतलं नसतं तरी कुत्र्याचं खाणं, डॉक्टर आणि लसी आम्हाला झेपल्या नसत्या. सापाबद्दल करारात काही नव्हतं. सापाबद्दल देशाच्या कायद्यातच होतं.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि स्वतःबद्दल माझं मत फार चांगलं होतं. (अजूनही वाईट नाही.) बाबा जुरोंग आयलंडवरच्या एका प्लांटमध्ये मेंटेनन्स इंजिनियर होते. आम्ही बेटाच्या उत्तर टोकाला आणि त्यांचं काम नैर्ऋत्येच्या समुद्रात, त्यामुळे कंपनीची बस पकडायला ते पहाटेच घर सोडायचे. त्यांच्या चपलांचा आवाज, मग दाराची साखळी, मग लिफ्टची टिंग, आणि त्यानंतर खालच्या झाडावरच्या कोकिळेचं जे किंचाळणं सुरू व्हायचं ते उजाडेपर्यंत थांबत नसे. आई घरातच असायची. तिच्या पासवर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, तिला नोकरी करता येत नव्हती. पुण्यात बँकेतली नोकरी सोडून आलेली बाई, तिने आपली सगळी हुशारी त्या स्वयंपाकघरात ओतली होती. इथल्या कांगकाँगच्या पाल्याची ती ताकातली भाजी करायची, डाळ-दाणे घालून, आणि जेवायला आलेले लोक अळू समजून मिटक्या मारत खायचे. त्या वर्षी बाबांचा ओव्हरटाइम बंद झाला होता, पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते चालू होते आणि माझी फी वाढली होती. आईने कधी तसं बोलून दाखवलं नाही, पण कोळंबी आमच्या घरातून गायब झाली आणि मटकीचे दिवस आठवड्यात तीन झाले.

आणि बाबांच्या पासचं नूतनीकरण अडकलं होतं. कंपनीने अर्ज भरला होता, उत्तर आलं नव्हतं. ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना ते कसं सांगावं? घरात कुणी आजारी असल्यासारखं आम्ही वागत होतो. बाबा मुळातच भित्रे, म्हणजे रस्ता रिकामा असला तरी सिग्नलवरचा हिरवा माणूस दिसेपर्यंत पाऊल न टाकणारे. त्या दिवसांत तर ते लायब्ररीचं पुस्तकसुद्धा मुदतीच्या चार दिवस आधी परत करायला लावायचे. "आपलं नाव कुठे यायला नको," हे त्यांचं पालुपद होतं. कुठल्याही ऑफिसला फोन करायचा नाही, कसलीही तक्रार करायची नाही, काही विचारायचंसुद्धा नाही.

अशा घरात, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आई वॉशिंग मशीनच्या मागून ओरडली, "मुग्धेऽऽ, मण्यार!"

झालं होतं असं की शेजारच्या फ्लॅटमध्ये तोडफोड चालू झाल्यापासून तिथली झुरळं आमच्याकडे राहायला आली होती, म्हणून आईने चिकट पुठ्ठे आणून मशीनमागे ठेवले होते. त्यातल्या एका पुठ्ठ्यावर एक पाल चिकटली होती, आणि पालीच्या मागे आलेलं हे पिल्लू गळ्यापासून शेपटीपर्यंत चिकटलं होतं. तपकिरी अंग, मानेवर पांढरट पट्टे. डोकं तेवढं मोकळं होतं आणि ते उचलून आमच्याकडे बघत होतं. आई ओट्यावर चढून बसली होती. आई इस्लामपूरकडची, लहानपणी शेतावर मण्यार चावून एक गडी गेलेला तिने बघितला होता, तेव्हा तिच्या ओरडण्याला मी हसले नाही. मी फोटो काढला आणि मामाला पाठवला.

माझा बंडूमामा इस्लामपुरात सर्पमित्र आहे. दिवसा शाळेत शिपाई आणि बाकीचा सगळा वेळ लोकांच्या माळ्यावरून, मोरीतून, गोठ्यातून साप काढून लांब नेऊन सोडणारा. एका पैशाचा धंदा नाही, उलट पेट्रोल स्वतःचं. त्याचा फोन तीन मिनिटांत आला. "पट्टे मानेजवळ ठळक आहेत आणि शेपटीकडे पुसट होत गेलेत ना? मग कवड्या आहे. मण्यारीचं उलटं असतं. विष नाही, पण चावरा असतो लेकाचा, भांडी घासायचे हातमोजे घाल. आणि खेचू नकोस! खेचलंस तर कातडं पुठ्ठ्यावर राहील. खायचं तेल घे, थेंब थेंब सोड, आणि वाट बघ."

दीड तास लागला. शेंगदाण्याचं तेल, कापसाची वात, गुलाबी हातमोजे. मी थेंब सोडत होते आणि आई ओट्यावरून खाली उतरत उतरत शेवटी माझ्या शेजारी मांडी घालून बसली. तेल सोडायचं काम तिने माझ्या हातातून कधी घेतलं ते मलाही कळलं नाही. पिल्लू सुटलं तेव्हा मानेखाली बोटाच्या पेराएवढी जागा सोलवटलेली होती, ओली, लालसर. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या हातून झालं हे," ती म्हणाली. "श्रावण तोंडावर आला, आणि माझ्या हातून सापाला इजा." मामाने फोनवरून सांगितलं की एक कात टाकली की जखम भरून निघेल, तोवर जपायला हवं, आणि तिकडे सुटका करणाऱ्या लोकांची हेल्पलाइन असेल तर सरळ त्यांच्याकडे द्या. हेल्पलाइन होती. मी नंबरसुद्धा शोधला.

बाबा संध्याकाळी आले, त्यांनी ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. "नाव विचारतील, पत्ता विचारतील, पास विचारतील. पुठ्ठा कुणी लावला विचारतील. आत्ता नको. पास येऊ दे, मग करू." मग म्हणाले, "आणि घरात साप ठेवायचा हा गुन्हा आहे इथे, ठाऊक आहे ना?" म्हणजे द्यायचाही नाही आणि ठेवायचाही नाही. मी म्हटलं, बाबा, मग काय करायचं ते सांगा. मी म्हटलं, कात टाकेपर्यंत मी सांभाळते, मला जमेल. आणि मला खरोखर वाटत होतं की जमेल. माझ्या त्या वेळच्या आत्मविश्वासाचा आज मला हेवा वाटतो.

इंटरनेटवर परदेशातले लोक साप पाळायला काय काय लागतं याच्या याद्या देत होते. काचेची टाकी, उबेची चटई, तापमानाचं यंत्र, नारळाच्या भुशाची गादी. मी एकेक गोष्ट खोडत गेले. ऊब? सिंगापूरमध्ये ऊब विकत घ्यायची म्हणजे कमालच झाली. टाकीऐवजी आईने पापडाचा मोठा प्लास्टिकचा डबा दिला. त्याला मी कंपासच्या टोकाने भोकं पाडली आणि झाकणाला दोन रबरबँड लावले. गादीला टिश्यूपेपर, लपायला अर्धं कापलेलं टॉयलेट पेपरचं नळकांडं, पाण्याला देवघरातली जुनी निरांजनाची वाटी. सगळं मिळून आमचा एक पैसा गेला नाही. खाण्याचा तेवढा प्रश्न होता. दुकानातली उंदराची पिल्लं परवडणारी नव्हती आणि ती आणायला गेलं तर कशासाठी, हे कुणीतरी विचारलंच असतं. पण मामा म्हणाला, कवड्या उंदराला विचारत नाही, त्याला पाल लागते. आणि पाली तर आमच्या कॉरिडॉरमध्ये ट्यूबलाइटखाली रोज सातच्या सुमाराला जमायच्या. मी आइस्क्रीमचा डबा आणि पोस्टकार्ड घेऊन उभी राहायचे, डबा पटकन भिंतीवर ठेवायचा, मागून पोस्टकार्ड सरकवायचं. छोटी पाल हवी, करंगळीच्या नखाएवढ्या डोक्याची. शेजारच्या चिनी आजी रोज दारात खुर्ची टाकून बघत बसायच्या. एके दिवशी त्यांनी न राहवून विचारलं, "गर्ल, यू ईट आह?" मी म्हटलं, स्कूल प्रोजेक्ट, आंटी. इतकं खोटं मला तेव्हा सहज जमायचं.

चौथ्या दिवशी त्याने पहिली पाल खाल्ली. मी आणि आई डब्यासमोर गुडघ्यांवर बसून बघत होतो. पाल घशात उतरताना मानेवरचे पांढरे पट्टे ताणले गेले, आणि मग त्याने दोनदा जांभई दिल्यासारखा जबडा जागेवर बसवला. "जेवला गं बाई!" आई म्हणाली आणि तिने मला मिठी मारली. पालीच्या नुसत्या नावाने अंगावर काटा येणारी माझी आई! सातव्या दिवशी दुसरी पाल खाल्ली. मी शाळेत असं चालायचे की जणू मी एखादं इस्पितळ चालवते.

मग त्याने खाणं सोडलं. डोळे दुधाळ झाले, अंग मंद झालं. मामा म्हणाला, कात टाकायची वेळ आली, या दिवसांत ते खात नाहीत, घाबरू नकोस. मी घाबरले नाही. तीन दिवसांनी कात निघायला लागली, पण अखंड निघाली नाही. शेपटीकडची निघाली, मधली फाटली, आणि मानेची जखम, तिच्यापासून जबड्याखालपर्यंतचा भाग आणि दोन्ही डोळे, इथे जुनी कात घट्ट बसून राहिली. पाल पुढे ठेवली तर तोंड उघडायला जायचा आणि अर्ध्यात थांबायचा. मी व्हिडिओ कॉल लावला. रविवार होता, बाबाही घरी होते. आम्ही तिघं डब्याभोवती आणि फोनच्या पडद्यावर मामाचं मोठं डोकं.

मामाने बराच वेळ निरखून बघितलं. मग म्हणाला, "ते पिल्लू इतकं पिवळं का दिसतंय?"

मी फोन डब्यापासून जरा लांब धरला.

"मुग्धे?"

"मी हळद लावली," मी म्हटलं. "जखमेवर. दुसऱ्याच दिवशी. थोडीशीच. तुपात कालवून."

"बंडू," आई म्हणाली, "मी पण लावली. ही शाळेत गेली की. रोज नाही रे, एक दिवसाआड."

मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे. आणि मग आम्ही दोघींनी बाबांकडे बघितलं, कारण ते खिडकीबाहेर बघत होते. "अहो?" आई म्हणाली. "पहाटे," बाबा म्हणाले. "निघायच्या आधी. चिमूटभर. म्हटलं, तुम्ही दोघी विसरला असाल."

"अरे, साप आहे की बटाट्याची भाजी!" मामा ओरडला. "फोडणीच द्यायची राहिली फक्त! दहा दिवस तिघं मिळून त्याच्यावर हळद-तुपाचे थर चढवताय, वाळून खपली झाली, कात सुटणार कुठून?" आणि मग इस्लामपूरच्या बाजूची दोन विशेषणं, जी मी इथे लिहीत नाही. आम्ही तिघंही हसलो, हे खरं आहे. जखम म्हटली की हळद, त्यात विचार करण्यासारखं काय असतं आपल्याकडे? मला तर आतून फार बरं वाटत होतं, कारण ज्या बाबांनी त्या डब्याकडे बघायचंही नाही असं ठरवलं होतं, ते पहाटे अंधारात हातमोजे घालून सापाला हळद लावत होते. पण मामा हसत नव्हता.

कोमट पाण्यात भिजवलेल्या पंच्यातून त्याला हळूहळू जाऊ दे, रोज दोनदा, असं त्याने सांगितलं. मी तसं केलं. पाठीवरचे दोन तुकडे निघाले. डोळे आणि जबडा तसेच राहिले. पुढचे चार दिवस मी शाळेतून पळत यायचे आणि दप्तर न काढता डबा उघडायचे. तो बारीक होत चालला होता. पाठीचा कणा वरून दिसायला लागला होता. हात लावला की पूर्वी फटकन वळून चावायला यायचा, आता नुसता पडून राहायचा. चावत नाही म्हणून मला रडू आलं. मला सगळं जमतं, या समजुतीवर मी तोवरची चौदा वर्षं मजेत काढली होती आणि आता माझ्या हातात एक जीव उपाशी मरत होता.

नागपंचमीला आईने रिवाज पाळला. चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. तिने पुरणाची दिंडं उकडली, पाटावर गंधाने नाग काढला, लाह्या ठेवल्या. दुधाची वाटी ठेवली ती पाटावरच. वीस वर्षं "साप दूध पीत नाही" हे भावाकडून ऐकलेली बाई, ती चूक ती करणार नव्हती. शाळा लवकर सुटली होती, बाबांनी अर्धी रजा टाकली होती. आम्ही ताटावर बसलो. दिंडावर तुपाची धार पडली, वाफ आली, वेलदोड्याचा वास आला, आणि आईने घास हातात घेतला आणि परत ताटात ठेवला. "अहो, मला हा घास जात नाही," ती म्हणाली. "पाटावरच्या चित्राला हात जोडायचे, आणि आत डब्यात तो तोंड उघडता येत नाही म्हणून उपाशी. माझ्याच पुठ्ठ्यामुळे."

मी मामाला फोन लावला, खरं तर भांडायला, की अजून काहीतरी सांग, मी करते. तो एरवी माझं ऐकून घेतो. त्या दिवशी म्हणाला, "बाळ, तुझ्याच्याने होण्यासारखं होतं ते तू केलंस. आता हट्ट करू नकोस. अशा वेळी मीसुद्धा डॉक्टरकडे नेतो. दाजींना फोन दे."

बाबांनी फोन कानाला लावला. "बंडू, पास आला की लगेच करतो. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे." पलीकडून मामा काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं, कारण तो नेहमी शेतात असल्यासारखा बोलतो. "दाजी, दोन आठवडे नाहीत त्याच्याकडे. दोन दिवस असतील."

बाबा हात धुऊन आले. चष्मा पुसला. माझ्याकडून नंबर घेतला आणि स्पीकरवर लावला. मी बाबांना कामावर कधी बघितलेलं नाही, पण मोठा व्हॉल्व्ह उघडण्याआधी ते असेच उभे राहत असतील असं मला वाटलं. पलीकडे एक मुलगी बोलली आणि बाबांनी तिला आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मग कंपनीचं नाव, मग पासचा नंबर न बघता धडाधड सांगून टाकला. "सर, सर," ती म्हणाली, "पास नंबर नो नीड लाह. ओन्ली ब्लॉक अँड युनिट."

तासाभरात फरहाना नावाची एक तरुण मुलगी आली. साधा टीशर्ट, डोक्याला स्कार्फ, हातात उशीचा अभ्रा आणि एक बारका डबा. तिने पिल्लाला उचललं, उजेडात धरलं आणि फिरवून बघितलं. "पुठ्ठा कुणी लावला?" तिने इंग्रजीत विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

"नो, नो," आई पुढे झाली, "ही इज लाइंग. आय पुट."

"अँड आय केप्ट हिम," मी म्हटलं. "नाइन्टीन डेज. दे टोल्ड मी नॉट टू." यातलं शेवटचं वाक्य खोटं होतं, पण बाबा खोटं बोलत असताना मीच का मागे राहू? फरहाना आमच्या तिघांकडे बघत राहिली, मग तिने डोळे बारीक करून पिल्लाच्या मानेकडे बघितलं. "अंकल," तिने विचारलं, "व्हाय येलो आह?"

सांगितल्यावर ती हसली, मग गंभीर झाली. पुठ्ठे लावू नका, म्हणाली. आणि पुढच्या वेळी पहिल्या दिवशी फोन करा, एकोणिसाव्या दिवशी नाही. मी विचारलं, जगेल का? ती म्हणाली, खूप अशक्त आहे, मी वचन देत नाही. मला तिचा राग आला. ती खरं बोलत होती एवढाच तिचा गुन्हा. आईने तिला दिंडं बांधून दिली, ती नको नको म्हणत घेऊन गेली.

त्यानंतरचे दिवस फार लांब होते. आईने उरलेले पुठ्ठे खाली कचऱ्यात टाकले. सात वाजले की मी सवयीने कॉरिडॉरमध्ये जायचे आणि पाली बघत उभी राहायचे. बाबा पहाटे जायचे, संध्याकाळी यायचे, आणि फोन वाजला की आधी नंबर बघायचे, मग आमच्याकडे.

पाचव्या संध्याकाळी ते नेहमीपेक्षा लवकर आल्यासारखे वाटले. लिफ्टची टिंग झाली आणि पावलांचा आवाज धावत आला. दार उघडंच होतं. बाबा उंबऱ्यावर उभे, खांद्याला बॅग, हातात फोन. "बसमध्ये फोन आला," ते म्हणाले. "अनोळखी नंबर होता. मी सगळ्यांसमोर घेतला."

आईचा चेहरा पडला. "पासचं काही?"

"नाही गं. जेवला तो! डॉक्टरांनी डोळ्यांवरची, जबड्याखालची, सगळी कात काढली. काल एक पाल खाल्ली, आज एक. जखम सुकली की सोडून देणार आहेत जंगलात." आई मटकन खाली बसली आणि पदर नसलेल्या ड्रेसच्या बाहीला डोळे पुसायला लागली. मी काय केलं ते मला आठवत नाही, नाचले असेन.

"आणि पासचं?" थोड्या वेळाने मीच विचारलं.

"येईल तेव्हा येईल," बाबा म्हणाले. आणि ज्या घरात पाहुण्यांनासुद्धा चपला बाहेर काढायला लागायच्या त्या घरात ते बूट न काढता सरळ आत आले, आईच्या शेजारी फरशीवर बसले, आणि आई त्यांना एका शब्दाने काही म्हणाली नाही.